मॅडम, दहा रेफरन्स काढून द्या

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वर्षातले काही आठवडे असे असतात की एरवी कधी न दिसणारे चेहरे दिसू लागतात. एमडी-एमएसच्या पहिल्या वर्षाची मुलंमुली, ज्यांना हॉस्पिटलात जेआर-वन म्हणतात, सिनॉप्सिसची तारीख तोंडावर आली की जिना चढून वर येतात. डोळे तारवटलेले, एप्रनच्या एका खिशात स्टेथोस्कोप, दुसऱ्यात अर्धा खाल्लेला बिस्किटचा पुडा. मागणी ठरलेली असते : "मॅडम, टायटल मिळालंय. दहा रेफरन्स काढून द्या."

सरकारी मेडिकल कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून नोकरी केली आणि त्यातूनच निवृत्त झाले. पुस्तकं देणं-घेणं, जर्नलांची बिलं, स्टॉक व्हेरिफिकेशन, इन्स्पेक्शन आलं की फायलींची पळापळ, हे सगळं केलं. पण नोकरीत जीव रमला तो नेमणुकीच्या पत्रात कुठेही न लिहिलेल्या कामात. जगभरच्या वैद्यकीय संशोधनातून आपल्याला हवं ते शोधायचं कसं, हे या रेसिडेंट मुलांना शिकवण्याचं ते काम.

ज्यांच्या घरात डॉक्टर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एमडी किंवा एमएस व्हायचं तर थीसिस लिहावा लागतो. पहिल्या वर्षातच त्याचा आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, कॉलेजच्या एथिक्स कमिटीपुढे आणि मग विद्यापीठाकडे जातो. आपल्याकडे ते नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. थीसिसला एक गाईड असतो, आणि बहुतेक वेळा विषयाचं टायटल तोच देतो. कागदोपत्री क्रम असा की आधी प्रश्न पडावा, मग त्यावर आजवर काय झालंय ते शोधावं आणि शेवटी टायटल ठरावं. प्रत्यक्षात बाळ पोटात येण्याआधीच बारसं उरकलेलं असतं. टायटल आधी येतं, एथिक्स कमिटीची तारीख त्याच्या पाठोपाठ येते आणि मग त्या टायटलला टेकू द्यायला दहा रेफरन्स हवे असतात.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. ज्याला फक्त टेकू हवा आहे त्याला टेकूच सापडतो. 'हे आधीच झालंय', 'हे चालत नाही असं सिद्ध झालंय', 'तुमचा प्रश्नच चुकीचा आहे', असं सांगणारा लेख समोर आला तरी तो त्याच्या नजरेतून निसटतो. संगणकाची बटणं शिकवायला अर्धा तास पुरतो. नको असलेलं उत्तर बघायची तयारी करून घ्यायला मात्र महिने लागतात, आणि ती सगळ्यांकडून होतेच असं नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा इंडेक्स मेडिकसचे दिवस होते. अमेरिकी लष्करातले सर्जन जॉन शॉ बिलिंग्ज यांनी 1879 साली सुरू केलेली ही सूची. जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांत काय छापून आलं ते विषयवार आणि लेखकवार तिच्यात असायचं. जाड खंड, पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं. खंड उतरवून टेबलावर ठेवायचा, योग्य विषयशीर्षक शोधायचं, त्याखालच्या नोंदी वहीत उतरवायच्या. मग त्यातला लेख आपल्याकडे आहे का ते बघायचं. बहुधा नसायचा. मग दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीला झेरॉक्ससाठी पत्र लिहायचं आणि पोस्टमनची वाट बघत बसायचं.

त्या काळी एकेका लेखासाठी पैसे आणि आठवडे खर्ची पडत. म्हणून काही जुने प्राध्यापक चिठ्ठीवर प्रश्न नीट लिहून आणायचे. तरी ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. बाकीची मंडळी काय करायची ते मला ठाऊक आहे. काळ्या रेक्झिनच्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे जुने थीसिस कपाटातून काढायचे आणि मागची संदर्भसूची जशीच्या तशी उतरवायची. एकदा मी सहज चार थीसिस शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. एका परदेशी लेखकाच्या आडनावातलं एक अक्षर पहिल्या थीसिसमध्ये गळलं होतं. पुढच्या तिन्हींत ते तसंच गळलेलं, पानाचा चुकीचा आकडाही तसाच. म्हणजे मूळ लेख चौघांपैकी कोणीच उघडला नव्हता. चौघंही आज कुठे ना कुठे उत्तम प्रॅक्टिस करत आहेत.

1997 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने पबमेड सगळ्या जगाला फुकट खुलं केलं. आमच्यापर्यंत ते पोचायला, म्हणजे फोनची लाइन, मोडेम आणि वीज हे तिन्ही एका वेळी जमून यायला, आणखी काही काळ गेला. पण आलं तेव्हा ते वरदानच होतं. आता तर त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि त्या रेसिडेंटच्या खिशातल्या फोनवर दिसतात. इंडेक्स मेडिकसची छपाई 2004 च्या अखेरीस थांबली. आजच्या मुलांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं, आणि त्यात त्यांचं काही बिघडलेलं नाही.

शिकवण्याचं म्हणाल तर नव्या बॅचच्या ओरिएंटेशनमध्ये ग्रंथालयाच्या वाट्याला एक तास यायचा, तोही जेवणानंतरचा. रात्रभर ड्यूटी करून आलेली मुलं एसी हॉलमध्ये बसली की पाचव्या मिनिटाला माना पडायला लागायच्या. त्यांना काय बोलणार? पडद्यावर 'अँड', 'ऑर', 'नॉट' दाखवून कोणाला शोध घेता येत नाही, तो स्वतःचा प्रश्न हातात असला की येतो. म्हणून ग्रंथालयाच्या वेळा, पासवर्ड आणि माझा फोन नंबर एवढं सांगून मी वीस मिनिटांत त्यांना सोडायचे. खरं शिकवणं संध्याकाळी आठनंतर व्हायचं. राऊंड आटोपून दोघं-तिघं यायची. आमचे ग्रंथालयातले मामा कुरकुरत का होईना, कुलूप लांबणीवर टाकायचे आणि खाली जाऊन चहा सांगून यायचे.

माझा पहिला नियम असा की संगणकाला हात लावायचा नाही. समोर कोरा कागद. पेशंट कोण? तू त्याच्यासाठी काय करणार? ते न करता दुसरं काय करता आलं असतं? आणि शेवटी त्याच्यात कोणता फरक पडायला हवा? पुस्तकी भाषेत याला पिको म्हणतात आणि ते सगळ्यांना पाठ असतं. पिकोचे चार रकाने सुबक भरून आणलेली, पण प्रश्नच नसलेली मुलंही मी भरपूर पाहिली. एका मेडिसिनच्या रेसिडेंटने माझं न ऐकता थेट 'डायबिटीस' एवढंच टाईप केलं.

"किती आले?" मी विचारलं.

"मॅडम, लाखांच्या घरात आहेत."

"मग बस वाचत. ड्यूटी किती वाजता आहे तुझी?"

तो हसला आणि कागद ओढून बसला. पुढे त्याचा प्रश्न तासाभरात एवढा लहान झाला की त्याला चाळीसेक लेख मिळाले. चाळीस लेख माणूस वाचू शकतो.

सरावासाठी मी एकच विषय वर्षानुवर्षं वापरला : विंचूदंश. आमच्या कॅज्युअल्टीत विंचू चावलेली माणसं येतातच, त्यामुळे मुलांना तो परका वाटत नाही. दुसरं कारण असं की या विषयावरचं जगाने दखल घेतलेलं काम आपल्या महाराष्ट्रात झालं आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या विषाने हृदयावर काय परिणाम होतो ते पेशंटच्या उशाशी बसून टिपलं. ते 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे स्वस्तातलं औषध इथे उपयोगी पडतं, हे 1986 साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच आलं. नुसतं प्राझोसिन की त्याच्या जोडीला विंचवाच्या विषावरचं प्रतिविष, याची तुलना करणारी 70 पेशंटांची चाचणी 2011 साली 'बीएमजे'ने छापली. दोन्ही दिलेले पेशंट लवकर बरे झाले होते. मी यातलं काहीही आधी सांगायचे नाही. नुसतं म्हणायचे, "विंचू चावलेल्या पेशंटला काय द्यावं, शोधून दाखवा."

मुलं टाईप करायची 'स्कॉर्पियन बाईट ट्रीटमेंट'. आपल्या केसपेपरावर 'बाईट' असंच लिहितात ना! पण लेख लिहिणारे बहुधा 'स्टिंग' लिहितात, काही जण 'एनव्हेनोमेशन', काही 'एनव्हेनोमिंग'. नुसतं 'स्कॉर्पियन' घातलं तर विषातल्या रेणूंवरचं, उंदरांच्या पेशींवरचं प्रयोगशाळेतलं संशोधन ढिगाने येतं, पेशंट कुठे दिसतच नाही. इथे मी मेश उघडून दाखवायचे. हा पबमेडचा विषयशीर्षकांचा कोश. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, लेखाला या कोशातलं ठरलेलं शीर्षक चिकटवलेलं असतं, आणि मोठ्या शीर्षकाखाली लहान शीर्षकं फांद्यांसारखी मांडलेली असतात. मुलांचे डोळे चमकायचे : आता जमलं! मग मी सांगायचे की काल-परवा आलेल्या लेखाला अजून शीर्षक चिकटलेलं नसू शकतं, तेव्हा साधे शब्दही सोबत ठेवा, दोन्हींच्या मध्ये 'ऑर'.

मग विंचवाच्या नावाची गंमत. आपल्या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव आधी ब्यूथस टॅम्युलस होतं, मग मेसोब्यूथस टॅम्युलस झालं, आता होटेनटोटा टॅम्युलस. विंचू तोच, पण एका नावाने शोधलं तर दुसऱ्या नावाखाली लिहिलेली दहा-वीस वर्षं हातची जातात. तिन्ही नावं कंसात घालून मध्ये 'ऑर' टाकायचं, मग 'अँड', मग 'प्राझोसिन'. यादी आली की कोणीतरी हमखास ओरडायचं, "मॅडम, महाड? आपलं महाड?" त्या क्षणासाठी मी हा विषय सोडला नाही, हे कबूल करते. संशोधन म्हणजे बोस्टन नाहीतर लंडन अशी समजूत करून आलेल्या मुलाला आपल्या एसटीच्या रस्त्यावरचं गाव पबमेडवर दिसलं की तो खुर्ची पुढे ओढून बसतो.

त्यानंतर मी म्हणायचे, "आता तुमच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे करा." डावीकडे फिल्टरची पट्टी असते. प्रत्येकाचा हात आपोआप 'गेल्या पाच वर्षांतले' यावर जातो, कारण कोणीतरी सीनिअरने सांगितलेलं असतं की रेफरन्स ताजे हवेत. त्यावर टिचकी मारली की 1986 गेलं, 2011 गेलं. उरतात ते बहुतांशी याच कामाचा हवाला देणारे नंतरचे लेख. दुसरी सवय 'फुकट पूर्ण लेख' या चौकोनात खूण करण्याची. तिने तर फार नुकसान होतं. फुकट मिळणारा लेख वाईट असतो असं बिलकुल नाही, आपल्या केईएमचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' फुकटच वाचता येतं. पण आधी सगळं काय आहे ते बघा, आणि मग त्यातलं काय मिळवायचं याचा विचार करा. जे विकत आहे ते जगात नाहीच, असं धरून चालणारा डॉक्टर मला भीतिदायक वाटतो.

लेख मिळवण्याच्या वाटाही असतात, त्या कोणी सांगत नाही. आयसीएमआरमुळे कॉक्रेन लायब्ररी 2007 पासून भारतात कोणालाही खुली झाली, हे खुद्द प्राध्यापकांनाही माहीत नसायचं. लेखकाला ईमेल करा म्हटलं की मुलं संकोचायची : "ते कशाला उत्तर देतील?" देतात. एका मुलीला युरोपातल्या एका प्राध्यापकांकडून दुसऱ्या दिवशी सकाळी पीडीएफ आली, सोबत तिच्या थीसिसला शुभेच्छा आणि 'झाल्यावर मलाही पाठव' असा निरोप. ती ईमेल तिने पूर्ण वॉर्डला दाखवली. आता 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आल्याने सरकारी संस्थांना तेरा हजारांवर जर्नलं उघडली आहेत. मला नोकरीत असताना हे मिळालं असतं तर मी नाचले असते.

शोधून काहीच सापडलं नाही, या वाक्याची मला धास्ती आहे. त्याचे अर्थ दोन : खरोखर काही नाही, किंवा तुम्ही नीट शोधलं नाही. हे पटवायला मी प्रत्येक बॅचला एलन रोशची हकिगत सांगायचे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 2001 साली दम्याच्या संशोधनासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम नावाचं औषध श्वासातून दिलं गेलं. 24 वर्षांची एलन तिथल्याच प्रयोगशाळेत काम करणारी. औषध घेतल्यावर तिची फुप्फुसं निकामी होत गेली आणि 2 जूनला ती वारली. संशोधकाने आधी शोध घेतला नव्हता असं नाही. पण तेव्हा पबमेडची मजल मुख्यतः 1966 पर्यंतच मागे जायची, आणि या औषधाने फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे लेख 1950 च्या दशकातले होते. ते छापील सूच्यांत, जुन्या कपाटांत होते. पुढे अमेरिकी सरकारने त्या विद्यापीठातलं सरकारी पैशावरचं माणसांवरचं जवळजवळ सगळं संशोधन काही दिवस थांबवलं.

हे ऐकताना पेंगणारी मुलंही जागी व्हायची. एका बधिरीकरणाच्या रेसिडेंटने विचारलं होतं, "मॅडम, मग किती मागे जायचं?" चांगला प्रश्न. याला एक आकडा नाही. औषध कधी आलं, केव्हा वापरातून गेलं, ते आधी बघायचं आणि तिथपर्यंत जायचं. आता पबमेडमध्ये 1940 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या नोंदी घातल्या आहेत. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधा आणि रक्तदाबावरचा 1949 चा प्रसिद्ध लेख पाहायला आज कोणाला दिल्लीला पत्र लिहावं लागत नाही.

माझ्या लेखी सगळ्यात समाधानाचा प्रसंग स्त्रीरोग विभागातल्या एका मुलीचा. तिला मिळालेलं टायटल असं होतं : बाळंतपणानंतर अति रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांत ट्रॅनेक्झामिक ॲसिड देणं आणि न देणं यांची तुलना. कागदावर प्रश्न मांडताना 'तुलना कशाशी' या रकान्यात तिने लिहिलं, 'औषध नाही'. मग शोध घेतला. पहिल्याच पानावर 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली वुमन चाचणी : 21 देश, 193 हॉस्पिटलं, 20,060 स्त्रिया. रक्तस्रावाने होणारे मृत्यू या औषधाने कमी होतात, आणि तीन तासांच्या आत दिलं तर फायदा अधिक. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही तीन तासांच्या आत द्या असं सांगितलेलं. तिने ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे वळली.

"मॅडम, मग माझ्या कंट्रोल ग्रुपमधल्या बायकांना मी औषध द्यायचंच नाही?"

मी म्हटलं, "हा प्रश्न मला विचारू नकोस. प्रिंट काढ, ते वाक्य पेनाने अधोरेखित कर आणि सरांना दाखव. मात्र 'तुमचं टायटल चुकलं' असं म्हणू नकोस. 'सर, याचं काय करू?' एवढंच म्हण."

सर आधी चिडले. सिनॉप्सिसला दिवस थोडे उरले होते, तेही खरंच. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः वर ग्रंथालयात आले, लेख पूर्ण वाचला, आणि तिथेच उभ्या उभ्या नवा विषय ठरला : आपल्या लेबर रूममध्ये रक्तस्राव सुरू झाल्यापासून हे औषध प्रत्यक्ष किती वेळाने दिलं जातं आणि उशीर कुठे होतो. मुलीने केसपेपर तपासले, सिस्टरांशी बोलली, औषध कोणत्या कपाटात कुलपात असतं ते पाहिलं. तो थीसिस फार मोठं संशोधन नव्हता. पण त्यातून निघालेल्या उत्तराचा त्या लेबर रूमला उपयोग होता, आणि ते उत्तर लंडनचा कोणी शोधून देणार नव्हता.

दरवेळी असं होत नाही. दुसऱ्या एका विभागातला मुलगा असाच प्रिंट घेऊन गेला आणि पाच मिनिटांत परत आला. "सर म्हणाले, टायटल बदलणार नाही. हा रेफरन्स वगळून टाक." मी त्याला काय सांगावं? तीन वर्षं त्याला त्यांच्या हाताखाली काढायची होती, परीक्षेत तेच असणार होते. त्याच्या अभ्यासात पेशंटला धोका नव्हता, फक्त श्रम वाया जाणार होते. तेव्हा मी एवढंच म्हटलं की टायटल राहू दे, पण रेफरन्स वगळू नकोस. चर्चेच्या प्रकरणात एक परिच्छेद त्याच्यावर लिही. त्याने लिहिला. तो परिच्छेद कोणी वाचला की नाही, देव जाणे. वरिष्ठांना नकार ऐकवायची सोय आपल्या व्यवस्थेत फार कमी आहे, आणि ग्रंथपालाकडे तर ती मुळीच नसते. शोध कितीही नीट शिकवला तरी तो या भिंतीपाशी येऊन थांबतो.

कोविडच्या काळात मात्र भिंती थोड्या खचल्या, कारण तेव्हा वरिष्ठांनाही काही माहीत नव्हतं. ग्रंथालय बंद आणि माझा फोन चालू. वॉर्डातून रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ यायची : "मॅडम, हे खरं आहे का?" मे 2020 मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा लेख आला. सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीची आकडेवारी, सहा खंडांतली हॉस्पिटलं. दोन आठवड्यांच्या आत, 4 जूनला, तो मागे घेतला गेला, कारण मूळ आकडे कोणाला तपासूच देईनात. पुढच्या वर्षी आयव्हरमेक्टिनवरचा एक गाजलेला प्रीप्रिंट असाच काढून टाकला गेला. तोवर तो आधार मानून एकत्रित विश्लेषणंही लिहून झाली होती. मागे घेतलेल्या लेखावर पबमेडमध्ये ठळक सूचना लागते, पण महिन्यापूर्वी डाउनलोड करून ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफवर ती कोण लावणार? तेव्हापासून एक सवय मी सगळ्यांना लावली : थीसिस छपाईला देण्याआधी प्रत्येक रेफरन्स पुन्हा एकदा पबमेडवर उघडून बघायचा. कंटाळवाणं काम आहे. एका संध्याकाळचं.

नोकरीच्या शेवटच्या काळात नवं प्रकरण आलं. एका मुलाने आणलेली संदर्भसूची इतकी नीटनेटकी होती की माझ्या मनात पाल चुकचुकली. लेखकांची नावं ओळखीची, जर्नल खरं, खंड खरा, वर्षाशी जुळणारा. मी तो खंड ऑनलाइन उघडला आणि सांगितलेल्या पानावर गेले. तिथे मूत्रपिंडावरचा लेख होता. याचा विषय होता मोतीबिंदू. दुसरा तपासला, तोही नाही. चॅटजीपीटीला विचारून आणलेली यादी होती ती. मुलगा लबाड नव्हता. त्याला प्रामाणिकपणे वाटलं होतं की यंत्र शोधून देतंय. मी त्याला ओरडले नाही, त्या काळ्या रेक्झिनच्या थीसिसांची आठवण झाली म्हणून. तिथे निदान मूळ लेख कुठेतरी होता. प्रश्न मांडायला, एखाद्या आजाराला आणखी कोणकोणत्या नावांनी ओळखतात ते सुचवायला ही साधनं बरी आहेत, मी स्वतः वापरून पाहिली आहेत. पण त्यांनी दिलेला रेफरन्स पबमेडच्या नोंदणी क्रमांकासकट डोळ्यांनी बघितल्याशिवाय कागदावर उतरवू नये. माझ्याकडून शिकलेल्यांपैकी काही जण आज गाईड झालेत. ते रेसिडेंटकडून रेफरन्ससोबत हा क्रमांकही मागतात, असं कानावर आलं.

एक वही ठेवायला मी सगळ्यांना सांगायचे. तारीख, कुठे शोधलं, नेमके कोणते शब्द घातले, किती नोंदी आल्या, त्यातल्या किती वाचल्या. दहात दोघं ठेवायची. पण परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने विचारलं की "अमुक अभ्यास तुमच्या यादीत का नाही?", तर ज्यांच्याकडे वही असायची ती घाबरायची नाहीत. "सर, अमुक तारखेपर्यंत शोधलं होतं, तो त्यानंतर आला," असं शांतपणे सांगायची.

शोधाची तारीख आणि शब्द थीसिसच्या परिशिष्टात छापावेत अशी मागणी मी कॉलेजात लेखी केली होती. ती फाईल अजून कुठल्या तरी टेबलावर असेल. त्यासाठी नियम बदलायची वाट बघायची गरज नाही. सिनॉप्सिसवर सही करण्याआधी गाईडांनी रेसिडेंटला चार गोष्टी विचाराव्यात : शोध कधी घेतला, कुठे घेतला, कोणते शब्द घातले, आणि आपल्या टायटलच्या विरोधात काय सापडलं? चौथ्याचं उत्तर 'काही नाही' असं आलं, तर सही थांबवावी आणि त्याला आणखी एक संध्याकाळ शोधायला लावावं.